एकशे वीसच्या पुढची हजेरी

“मी थांबते, मॅडम.”

काचेतल्या अर्धगोल भोकातून एवढे तीन शब्द आत यायचे आणि मी मान वर करीपर्यंत ती बाजूला झालेली असायची. खिडकीच्या डावीकडे, सूचनाफलकाखाली, भिंतीला पाठ लावून, दप्तर पोटाशी धरून. मागून आलेली चार पोरं कोपरं मारत पुढे घुसली तरी हिचा चेहरा जसाच्या तसा. तुम्ही कधी कुठल्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिला असाल, तर अशी एक मुलगी तुम्हीही पाहिली असेल. पाहिली म्हणजे काय, तिच्या पुढे जाऊन स्वतःचं काम उरकून घेतलं असेल.

मी नाशिकच्या एका कॉलेजात विद्यार्थी विभागात लिपिक आहे. खिडकी नंबर तीन. बावीस वर्षं झाली. माझ्या तोंडाला धार आहे, हे मी आधीच कबूल करते. दिवसाला दोनशे पोरं समोर आली आणि त्यातल्या दीडशेंनी तोच प्रश्न विचारला, की तुमचीही जीभ मऊ राहणार नाही. “पुढचा” हा माझा शब्द. नवरा म्हणतो, सातपूरच्या त्याच्या कारखान्यात प्रेस मशीन आदळतं ना, तसं मी “पुढचा” म्हणते. म्हणू दे.

ती आली ती प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत. प्रथम वर्ष कला. पेठच्या पलीकडचा पाडा, दहावीपर्यंत आश्रमशाळा, पुढची दोन वर्षं तालुक्याला, आणि आता नाशिक. राहायला मुलींच्या सरकारी वसतिगृहात. बोलायची पुस्तकातलं मराठी, एकेक शब्द जपून, पण गडबडली की मधूनच एखादं ‘नाय’ निसटायचं आणि ती लगेच ओठ मिटून घ्यायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, वर्ग कुठे भरतो. मी वर न बघता सांगितलं, “दुसरा मजला, दोनशे चार. पुढचा.”

हे लक्षात ठेवा. मला ते लक्षात ठेवायला फार उशीर झाला.

पहिल्या वर्षाच्या पोरांची आमच्याकडे कशी दशा होते, ते आतल्या माणसाला विचारा. बोनाफाईड हवं तर ओळखपत्र दाखवा. ओळखपत्र हवं तर प्रवेशाची पावती आणा. पावतीवर शिक्का खिडकी पाचवर मिळतो, अकरा ते एक. पाच नंबरवरचे आमचे लिपिकबंधू पावणेबाराला चहाला जातात ते साडेबाराला उगवतात. तोवर पोरं माझ्या खिडकीशी येऊन विचारतात, सर कधी येतील. मला काय माहीत कधी येतील. ग्रंथालयात पहिल्या वर्षाला पुस्तक फक्त बुधवारी, आणि बुधवारी हमखास कसलं तरी व्याख्यान असतं. कॅन्टीनच्या बाहेरच्या कट्ट्यावर पहिल्या वर्षानं बसायचं नाही, असा कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात असा नियम. पोरं आठ दिवसांत शिकतात. भांडतात, घुसतात, ओळखी काढतात, नगरसेवकाचा फोन आणतात. ही मात्र भिंतीला टेकून उभी राहायची.

एकदा दुपारी खिडकीवर कोणी नव्हतं, तेव्हा ती पुढे आली आणि ओळखपत्र काचेखालून सरकवत म्हणाली, “मॅडम, ही मी नाय.”

मी पाहिलं. नाव हिचं, वर्ग हिचा, आणि फोटो भलत्याच कोणाचा तरी, चष्मेवाल्या गोऱ्या पोरीचा. आठ दिवस हे कार्ड गळ्यात घालून ती कॉलेजात फिरत होती. मी विचारलं, मग आठ दिवस काय करत होतीस. तर म्हणाली, “वाटलं, इथं असंच देत असतील.”

मला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावर सांगितलं, सगळा विभाग हसला. तीही थोडी हसली, आम्ही हसतोय म्हणून. नवीन कार्ड मी त्याच दिवशी करून दिलं, हेही सांगते, मी काही अगदीच राक्षसीण नाही. पण त्या वाक्यात काय होतं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपण जे काही वेडंवाकडं करू त्याला ही मुलगी इथली रीत समजते, एवढं तेव्हा उमगलं असतं तर पुढचं सारं टळलं असतं.

नवरात्र संपलं आणि गैरहजर विद्यार्थ्यांची यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल त्यांची नावं. तिचं नाव होतंच, आणि पुढे हजेरीच्या रकान्यात शून्य. दहा नाही, पाच नाही. शून्य.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली. हातात वसतिगृहाचा छापील नमुना. पहिल्या सत्राच्या हजेरीचा दाखला त्यावर कॉलेजनं भरून द्यायचा. तो दिला नाही तर खाट जाते, यादीत थांबलेल्या पुढच्या मुलीला मिळते. आणि खाट गेली की कॉलेज गेलं. तिच्या पाड्यापासून फाटा तासाभराच्या पायवाटेवर, तिथून एसटी, ती पावसात कधी येते कधी येत नाही. रोज येऊन-जाऊन शिकणं हे बोलायलाच. हे मला तिनं सांगितलं नव्हतं. तशा पोरी मी बावीस वर्षं पाहते आहे.

मी रजिस्टर बघितलं आणि माझं डोकं फिरलं. दोन महिने कुठे होतीस, नाशिक बघत होतीस का, आईबापांनी एवढ्यासाठी पाठवलं का, असा जो पट्टा सुटला तो रांगेतल्या शेवटच्या पोरापर्यंत ऐकू गेला असेल. ती नुसती ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, “मी होते ना, मॅडम.”

हेही सगळेच म्हणतात. यादी लागली की जो तो होता. मी सांगितलं, सरांकडून लिहून आण. “पुढचा.”

मग सुरू झालं तिचं भटकणं. यादीखाली ज्यांची सही होती त्या सरांकडे गेली. ते म्हणाले, तू माझ्या वर्गात कधी दिसली नाहीस, मी काय लिहून देऊ. विभागप्रमुखांकडे गेली, ते विद्यापीठाच्या कामाला. उपप्राचार्यांकडे गेली, ते म्हणाले आधी विभागप्रमुखांचा शेरा. पुन्हा खिडकी तीन. अशा दहा-बारा चकरा झाल्या असतील. दर वेळी येऊन सांगायची काय झालं ते, आणि मी दुसऱ्या कोणाशी बोलत असले की तिचं ते वाक्य. मी थांबते, मॅडम. खरं सांगते, मला त्या वाक्याचा राग यायला लागला होता. रडली असती, भांडली असती, तर मीही काही हातपाय हलवले असते. थांबणाऱ्या माणसाचं काम मागे पडतं, हा कुठल्याही ऑफिसचा न लिहिलेला कायदा आहे आणि मी त्याच कायद्यानं वागत होते.

उलगडा झाला तो आमच्या नानांमुळे. नाना म्हणजे दुसऱ्या मजल्याचे शिपाई. डब्याच्या वेळी कुरकुरत होते, की दोनशे चारमधली एक पोरगी वर्ग सुटला तरी उठत नाही. पंखे बंद करायला गेलं की म्हणते, मी थांबते. रोजचं आहे, म्हणाले. जूनपासून नाही, पण ऑगस्टपासून रोज.

मी डबा तसाच ठेवून वर गेले.

साठ बाकांच्या त्या रिकाम्या वर्गात ती पहिल्या बाकावर ताठ बसली होती. समोर फळा अर्धा पुसलेला. वही मिटून त्यावर दोन्ही हात ठेवलेले. मला बघून उभी राहिली. मी विचारलं, कोणासाठी थांबलीस.

“हजेरीसाठी,” म्हणाली.

कसली हजेरी? सर तर केव्हाच गेले.

तेव्हा तिनं सांगितलं, आणि इतकं सलग ती पहिल्यांदाच बोलली. “ते सर एकशे वीसपर्यंत घेतात. माझा नंबर एकशे त्रेसष्ट. आमच्या आश्रमशाळेत सगळ्या मुलांची हजेरी एकदम व्हायची, तिथं पण असंच होतं. एकशे वीसपर्यंत एक सर घ्यायचे, पुढची हजेरी दुसरे सर. दुसरे सर कोठी बघून यायचे, त्यांना वेळ लागायचा. आम्ही थांबायचो. इथले दुसरे सर अजून आले नाय.”

मी शेजारच्या बाकावर बसले.

तुमच्या ध्यानात आलं असेलच. पहिल्या आठवड्यात सगळ्या तुकड्या मिळून दोनशे चारमध्ये बसतात. मग अ तुकडी तिथेच राहते, एक ते एकशे वीस. ब तुकडी, एकशे एकवीसपासून पुढची, खालच्या मजल्यावर एकशे सातमध्ये. ही सूचना आम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. आम्ही म्हणजे मी. तिच्या अर्जावरचा मोबाइल नंबर होता पाड्यावरच्या काकाचा, साधा डबडा फोन. ग्रुपमध्ये तो नंबर जाणारच नव्हता, हे मला दिसलं होतं की नव्हतं, आठवत नाही. दिसलं असतं तरी मी काही केलं नसतं. आणि ती मी सांगितलेल्या खोलीत रोज वेळेवर येऊन बसत होती. कॉलेजातली सगळ्यांत हजर मुलगी आमच्या कागदावर शून्य टक्के होती.

तिनं वही उघडून दाखवली. शेवटच्या पानापासून उलट्या बाजूनं रकाने आखलेले. तारीख, तास, विषय, आणि “मी होते”. त्यापुढे दोन चौकटी. एकीत तिची सही, दुसरीवर लिहिलेलं, “सरांची सही”. ती चौकट दर ओळीला कोरी. पानंच्या पानं कोरी. दुसरे सर आले की एकदम घेऊ म्हणून ठेवलेली.

“कोणाला विचारलं का नाहीस गं,” मी म्हटलं.

“विचारलं होतं. पहिल्या दिवशी. तुम्हीच सांगितलं ना, दोनशे चार.”

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे चार दिवस मी जे केलं ते बावीस वर्षांत कोणासाठी केलं नव्हतं. वही घेऊन स्वतः दारोदार गेले. ब तुकडीचे प्राध्यापक म्हणाले, आमच्याकडे आलीच नाही तर हजर कशी दाखवू. अ तुकडीचे म्हणाले, आमच्या मस्टरवर नावच नाही तर सही कशावर करू. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. मी माझी धारदार जीभ पहिल्यांदा माझ्याच माणसांवर चालवली. भूगोलाच्या मॅडमनी वही चाळली. म्हणाल्या, ही पहिल्या बाकावरची का, हिनं एकदा नागलीची शेती सांगितली होती, उतारावर कशी करतात ते, माझ्या पुस्तकापेक्षा चांगली. त्यांनी सर्वांत आधी लिहून दिलं. मग बाकीच्यांनी. इतिहासाचे सर तेवढे अडले होते, त्यांना मी कॅन्टीनमध्ये गाठलं आणि चहा संपेपर्यंत उठू दिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी फाईल उपप्राचार्यांच्या टेबलावर गेली. तिला म्हटलं, उद्या ये.

शनिवारी आमचा अर्धा दिवस. फाईल काही लवकर बाहेर येईना. ती सकाळी दहापासून तिच्या जागेवर उभी होती, फलकाखाली. मी दोनदा आत बोलावून खुर्ची दिली, दोन्ही वेळा ती थोड्या वेळानं उठून पुन्हा भिंतीशी गेली. दीड वाजता नाना फाईल घेऊन खाली आले. सही झालेली. हजेरी मान्य. आता फक्त माझा जावक क्रमांक आणि कॉलेजचा गोल शिक्का.

मी कपाटाला कुलूप लावून बसले होते. जावक रजिस्टर आत, शिक्का आत. माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता नाशिकरोडला, मी चांगली साडी नेसून आले होते आणि नवरा गेटवर गाडी चालू ठेवून फोनवर फोन करत होता. कुलूप उघडायचं, नोंद करायची, शिक्का मारायचा, फार तर पाच मिनिटं.

मी तिला सही दाखवली. म्हटलं, बघ, झालं तुझं काम, आता निर्धास्त राहा. सोमवारी साडेदहाला ये आणि शिक्का मारून घेऊन जा.

ती म्हणाली, “मॅडम, आज वसतिगृहात...”

मी पर्स खांद्याला लावत होते. म्हटलं, “अगं, वसतिगृह काय पळून जात नाही. इतके दिवस थांबलीस, आता एक दिवस थांब.”

आपलं नेहमीचं वाक्य त्या दिवशी तिनं म्हटलं नाही, हे मला साखरपुड्याच्या जेवणात, श्रीखंड वाढून घेताना जाणवलं. तेव्हाही नुसतं जाणवलंच. तिनं फक्त विचारलं, जरा वही देता का. फाईलमधून काढून दिली. खिडकीच्या कठड्यावर ठेवून तिनं काहीतरी लिहिलं, वही मला परत दिली, आणि गेली. मी वही ड्रॉवरमध्ये टाकली.

सोमवारी सव्वादहालाच कपाट उघडलं. क्रमांक टाकला, शिक्का मारला, कागद घडी न घालता पाकिटात ठेवला. साडेदहा वाजले. अकरा वाजले. मी रांगेच्या वरून डावीकडे बघत होते. तिथे भिंतीवर तेलकट डाग पडला आहे, डोकं टेकायच्या उंचीवर. इतके दिवस मला तो दिसला नव्हता.

मंगळवारीही नाही. बुधवारी वसतिगृहाला फोन केला. तिथल्या गृहपाल बाई भल्या वाटल्या. म्हणाल्या, दाखल्याची मुदत शनिवारी संध्याकाळपर्यंत होती, मी कार्यालय बंद करायची वेळ गेल्यावरही तिच्यासाठी बसले होते. ती आली आणि म्हणाली, कागद झालाय पण मिळाला नाही. त्यावर मी काय करणार. रविवारी दुसरी मुलगी सामान घेऊन दारात उभी होती. मग मला विचारलं, “तिनं तुम्हाला सांगितलं नव्हतं का?”

सांगत होती, मी म्हटलं.

पाकीट घेऊन मी त्याच दुपारी तिथे गेले. अर्ज केला, शिक्का दाखवला, हात जोडले. बाईंनी अर्ज वर पाठवते म्हटलं. वरून काय येतं आणि केव्हा येतं, ते मला कोणी शिकवायची गरज नाही, मीच त्या यंत्राचा एक दात आहे. काकाचा फोन आठवडाभर लागत नव्हता. दिवाळीनंतर लागला. मी कोण ते सांगितल्यावर तो अदबीनं बोलायला लागला, त्याची मला जास्तच लाज वाटली. म्हणाला, “भात काढून झालं, मंडळी दिंडोरीकडं गेली बागांवर. ती पण गेली. इथं नाय आता.” कुठल्या बागेवर, कोणाच्या, ते त्याला नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिला सांगा, कागद तयार आहे, पुढच्या वर्षीही चालेल, मी सगळं करीन. तो म्हणाला, सांगतो. मग म्हणाला, “पोरगी लय हुशार हाय, मॅडम.”

माहीत आहे, म्हटलं.

दिंडोरीच्या रस्त्याला दोन रविवार आम्ही गाडी घेऊन गेलो. नवरा चालवत होता. द्राक्षांच्या बागा काय एक-दोन आहेत? मैलच्या मैल तारा आणि वेली, आणि त्यांच्याखाली डोक्याला रुमाल बांधून उभ्या असलेल्या बायका. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. तीन-चार ठिकाणी उतरून विचारलं. कोणाला ठाऊक नव्हतं.

आता पुन्हा प्रवेश चालू आहेत. मी खोली सांगताना वर बघते. एकशे वीसच्या पुढच्या प्रत्येकाला दोनदा सांगते, काही पोरं मला खुळी समजतात. डावीकडे कोणी टेकून उभं दिसलं की आधी त्याला बोलावते, मग रांगेतले ओरडले तरी. याचं कौतुक करू नका. ज्या दिवशी करायला हवं होतं त्या दिवशी मी साखरपुड्याला गेले होते.

तिची वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शनिवारी तिनं काय लिहिलं ते मी कितीतरी दिवस पाहिलं नव्हतं, छाती होत नव्हती. परवा पाहिलं. त्याच रकान्यात, त्याच ठेवणीतल्या अक्षरात, शेवटची ओळ. शनिवार. सकाळी दहा ते पावणेदोन. खिडकी नंबर तीन. मी होते. पुढे तिची सही. दुसऱ्या चौकटीवरचं ‘सरांची’ तिनं खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘मॅडमची’. चौकट कोरी.

मी पेन काढलं आणि तिथे सही केली. खाली तारीख घालायला गेले, तेव्हा लक्षात आलं की कुठली घालायची ते मला कळत नाही. बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक केलं. मी म्हटलं, “जरा थांबा.”